सात दिवसांच्या गोळ्या आणि सात पिढ्यांची अब्रू

आमच्या इंदूरच्या कॉलनीतल्या मराठी मंडळात गेल्या महिन्यात जे झालं त्याला चर्चा म्हणायला मी तयार नाही. दरवर्षीसारखं आरोग्य शिबिर ठरत होतं, शुगर, बीपी, गुडघे, डोळे. ह्यावेळी मंडळातल्याच एक स्त्रीरोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या की मी अर्धा तास लघवीच्या इन्फेक्शनवर बोलते, त्यात संबंधांतून होणारी इन्फेक्शन्सही घेते, कारण जोडपी माझ्याकडे येतात तोवर फार उशीर झालेला असतो. झालं. व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवस दुसरा विषय नाही. ज्येष्ठ मंडळींचं म्हणणं की हा आपल्या घरांतला प्रश्नच नाही, भंवरकुआंला बाहेरगावची कोचिंगवाली मुलं राहतात तिकडे जाऊन शिबिर घ्या. तरुण मुलांचं म्हणणं की काका तुम्ही कुठल्या जमान्यात आहात, हल्ली हे सगळं कॉमन आहे. मग संस्कार आले, लिव्ह-इन आलं, मोबाईल आला, कोणाच्या तरी पुतण्याचा विषय निघायला लागला तेव्हा ॲडमिननी ग्रुप बंद केला, आणि शिबिरात शेवटी शुगर आणि गुडघे उरले.

मी इंदूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये 22 वर्षं टेक्निशियन आहे, लघवीचे नमुने बघणं हे माझं रोजचं काम, आणि ते मेसेज वाचताना मला सारखं वाटत होतं की दोन्ही बाजू साप सोडून भुई धोपटतायत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. क्लॅमिडिया हा संबंधांतून पसरणारा एक जिवाणू आहे, सात दिवसांच्या साध्या, स्वस्त गोळ्यांनी तो पूर्ण जातो, पण तो दोघांतून एकदमच काढावा लागतो. एकट्यानं घेतलेलं औषध हे औषध घेतल्यातच जमा नाही. आणि आपल्याकडे ‘कोणाकोणाला औषध द्यायचं’ हे विचारायच्या आधी ‘कोणामुळे झालं’ हे विचारलं जातं, त्यामुळे दुसरा माणूस डॉक्टरपर्यंत पोचतच नाही. चारित्र्याचा वाद ज्याला घालायचाय त्यानं तो खुशाल वेगळा घालावा, औषधाच्या चिठ्ठीत आणू नये.

लघवीला जळजळ झाली की आपल्या घरांत पहिला शब्द येतो ‘उन्हाळी लागली’. मग धण्याचं पाणी, सब्जा, वाळा, ज्याची त्याची आजी जे करायची ते. आणि खरंच बहुतेक वेळा ते साधं मूत्रमार्गाचं इन्फेक्शन असतं, आपल्याच आतड्यातला ई. कोलाय जिवाणू लघवीच्या वाटेत शिरलेला असतो, बायकांमध्ये ती वाट आखूड म्हणून त्यांना जास्त होतं, त्यात नवऱ्याचा दोष नाही की बायकोचा नाही. हे मुद्दाम आधी लिहितेय, नाहीतर हे वाचून कोणीतरी बिचारीच्या उन्हाळीवरून घरात चौकशी बसवायची. पण काही वेळा तीच जळजळ, तसंच पांढरट किंवा पातळ पाणी जाणं, ओटीपोटात दुखणं, संबंधानंतर रक्ताचा डाग, पुरुषांमध्ये सकाळी लघवीच्या तोंडाशी चिकट थेंब, हे क्लॅमिडियाचं असतं. आणि बहुतेकांना तर काहीच होत नाही, बायकांमध्ये दहातल्या सात-आठ जणींना आणि पुरुषांत निम्म्यांना तरी पत्ताच लागत नाही की आपल्या अंगात हे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या अंदाजाप्रमाणे 15 ते 49 वयाच्या लोकांत वर्षाला ह्याची 12.9 कोटी नवी इन्फेक्शन्स होतात. एवढी माणसं जगात ‘तसली’ आहेत असं ज्याला म्हणायचं असेल त्यानं एकदा तो आकडा मोठ्यानं वाचून बघावा.

आता लॅबमधली गोष्ट सांगते, कारण अर्धा गोंधळ तिथेच होतो. लघवीचं कल्चर करायचं असेल तर आम्ही प्रत्येकाला डबी देताना एक वाक्य म्हणतो, मी तर झोपेतही म्हणत असेन, “पहिली धार सोडून द्या, मधली घ्या.” कारण पहिल्या धारेत बाहेरचे जंतू येतात आणि रिपोर्ट बिघडतो. मग तो नमुना जंतू वाढवायच्या प्लेटवर लावायचा, रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवायचा, ई. कोलाय असेल तर दुसऱ्या दिवशी मॅकॉन्की नावाच्या प्लेटवर गुलाबी ठिपके उगवलेले दिसतात. क्लॅमिडिया असा उगवत नाही. तो जिवंत पेशीच्या आतच वाढतो, प्लेटवर कितीही दिवस ठेवा, प्लेट कोरी. म्हणून होतं काय, मायक्रोस्कोपखाली पस सेल्स, पुवाच्या पेशी, भरपूर दिसतात, म्हणजे आत कुठेतरी सूज आहे हे नक्की, आणि कल्चरचा रिपोर्ट येतो ‘नो ग्रोथ’. पेशंटला वाटतं काही नाहीये. त्याची खरी तपासणी वेगळी, जंतूचं जनुकीय द्रव्य शोधणारी, पीसीआरच्या जातीची, कोव्हिडमध्ये सगळ्यांना माहीत झाली ती. आणि तिला लघवी लागते ती नेमकी पहिली धार, आधी तासभर लघवीला न जाता, सुरुवातीचीच. बायकांमध्ये स्वॅब अजून चांगला, पण लघवीही चालते. म्हणजे जी धार सोडून द्या असं मी हजारो लोकांना सांगितलं, तो जंतू सापडतो त्याच धारेत.

अशीच एक मुलगी आमच्याकडे यायची. ओळख पटू नये म्हणून चार गोष्टी बदलून सांगते. लग्नाला तीन वर्षं झालेली, दर दोन-तीन महिन्यांनी तीच तक्रार, पस सेल्स 20-25, कल्चर नो ग्रोथ. सासूबाई बरोबर असायच्या, त्या दरवेळी मला सांगायच्या, “पाणीच पीत नाही हो ही.” दरवेळी चिठ्ठीवर वेगळं अँटिबायोटिक, आणि त्यातली दोन तर अशी की क्लॅमिडियावर चालतच नाहीत, नायट्रोफ्युरँटॉइन लघवीतल्या ई. कोलायला चांगलं, ह्याला काही करत नाही. शेवटी एका दुसऱ्या डॉक्टरांनी ती वेगळी तपासणी लिहिली, आम्ही सँपल बाहेर पाठवलं, पॉझिटिव्ह आलं. रिपोर्ट घ्यायला ती एकटी आली, आपल्या इंदूरच्या मुली स्कूटरवर बांधतात तसा तोंडाला घट्ट स्कार्फ, तो काढलाच नाही. कागद वरपासून खालपर्यंत वाचला, परत वाचला, आणि हळूच विचारलं, “ताई, ह्यात तारीख येते का? म्हणजे हे कधी झालं त्याची?”

त्या कागदावर दोनच तारखा असतात, सँपल घेतल्याची आणि रिपोर्ट दिल्याची. तिला हवी होती ती तिसरी तारीख कुठल्याच मशीनला काढता येत नाही. हा जंतू काहीही लक्षण न देता कित्येक महिने, कधी वर्षापेक्षा जास्त राहू शकतो. कोणाकडून कोणाकडे गेला हे रिपोर्ट सांगत नाही. ज्याला आधी त्रास सुरू झाला त्याच्याकडून आला असंही नाही, ज्याची आधी तपासणी झाली त्याच्याकडूनच आला असं तर मुळीच म्हणता येत नाही. पण आपल्या घरांत काय होतं? तपासणी आधी बाईची होते, मूल राहत नाही म्हणून, पाणी जातं म्हणून, आणि ज्याच्या नावाचा कागद त्याचा गुन्हा. नवऱ्याचा कागदच नसतो, म्हणून तो निर्दोष.

इथे समोरच्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा येतो आणि तो मी हलक्यात घेणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ग्रुपवर एका वहिनींनी लिहिलं होतं की तुम्ही लॅबवाले खरं सांगून मोकळे होता, संसार मोडला तर तुम्ही येणार का सांभाळायला? आणि हे खरं आहे. इंदूरमध्ये आपला मराठी समाज तसा आटोपशीर, रामबागेतली बातमी राजेंद्रनगरला पोचायला वेळ लागत नाही, आणि बभ्रा झाला की किंमत मोजते ती बाईच, माहेरी पाठवली जाते तीच. म्हणून कित्येक चांगले डॉक्टरही म्हणतात, “बाहेरचं बाथरूम वापरलं असेल,” “उष्णता झाली,” आणि गोळ्या देतात. त्यांचा हेतू चांगला असतो हे मला मान्य आहे. पण टॉयलेट सीटवरून हे होत नाही, आणि त्या खोट्याची किंमत काय ते बघा. उष्णता बायकोला झाली म्हटल्यावर नवरा कशाला गोळ्या घेईल? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बायकोचा कोर्स संपतो, आठ-पंधरा दिवस बरं वाटतं, आणि पुन्हा त्याच्याकडून तिला. ह्याची एकदा झाल्यावर प्रतिकारशक्ती येत नाही, पुन्हा होतं, पुन्हा पुन्हा होतं, आणि प्रत्येक वेळी जंतू वर गर्भाशयाकडे, नळ्यांकडे सरकण्याचा धोका वाढतो. नळ्यांना सूज, मग आतून चिकटणं, मग मूल न राहणं, नाहीतर गर्भ नळीतच राहणं, ज्यात जीवही जाऊ शकतो. आपल्याकडे नळ्या बंद होण्यामागे टीबी हेही मोठं कारण आहे, सगळं क्लॅमिडियावर ढकलायचं नाही, पण जे सात दिवसांत थांबलं असतं ते आयव्हीएफच्या दारापर्यंत नेऊन ठेवायचं, त्यात कुठला संसार सांभाळला? मूठ झाकलेली राहिली आणि आतलं सगळं गेलं.

मग काय, डॉक्टरनी घरात बॉम्ब टाकावा? नाही. खोटं न बोलताही संसार सांभाळता येतो, आणि त्याला एकच खरं वाक्य पुरतं: हे कधीचं आहे ते कळत नाही, लग्नाआधीचंही असू शकतं, आज दोघांनी सुरू करा. ह्यात कोणाला क्लीन चिट नाही आणि कोणावर आरोप नाही. हो, लैंगिक संबंधातूनच हे होतं, बाळंतपणात आईकडून बाळाच्या डोळ्यांना आणि फुप्फुसांना होतं ते सोडलं तर, आणि ज्या नवरा-बायकोला एकमेकांना काही विचारायचंय ते विचारतील, त्यांचा हक्क आहे. पण सात दिवसांनी विचारा ना. आधी गोळ्या घ्या, ते सात दिवस संबंध नको, मग बोला. ताप आलेल्या माणसाचा ताप उतरायच्या आधी आपण त्याच्याशी वाटणीचं बोलतो का?

ज्येष्ठांच्या ‘आपल्या घरांत नाही’ ह्यावर मला त्यांना एकच शब्द आठवून द्यायचाय, खुपऱ्या. पन्नाशी-साठीच्या पुढच्या सगळ्यांना माहितीय, डोळ्यांत खुपऱ्या व्हायच्या, पापणी आतून खरखरीत व्हायची, कित्येकांची दृष्टी जायची. त्या खुपऱ्या करणारा जंतू म्हणजे हाच. क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस. प्रकार वेगळे, काही डोळ्यांत जातात, काही लघवीच्या वाटेत, पण जंतू तोच, आणि तो पहिल्यांदा दिसला तोही डोळ्यांतच, 1907 साली जावा बेटावर, हाल्बरश्टेटर आणि प्रोवाझेक ह्या दोघांना, डोळ्यांतून खरवडून काढलेल्या पेशींमध्ये. पेशीच्या आत झगा पांघरून बसल्यासारखा दिसला म्हणून झग्याच्या ग्रीक शब्दावरून नाव पडलं. डोळ्यांत झाला तेव्हा आपण काय केलं? सरकारनं 1963 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम काढला, टेट्रासायक्लिनच्या मलमाच्या ट्यूबा वाटल्या, आणि जगात जिथे जिथे साथ जास्त होती तिथे एकट्या पोराला नाही, अख्ख्या गावाला एकदम औषध दिलं, कारण एकालाच दिलं तर दुसऱ्याकडून परत येतो हे सगळ्यांना पटत होतं. कोणी विचारलं का की पहिल्यांदा कोणाच्या डोळ्यांत झालं? 2024 च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं की भारतात खुपऱ्या हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरलेला नाही. तोच जंतू, औषधंही त्याच घराण्यातली, डॉक्सिसायक्लिन हे टेट्रासायक्लिनचंच भावंड. तो जंतू हात-दीड हात खाली, लघवीच्या वाटेत आला आणि आपण गावभर औषध वाटायचं सोडून गावभर चौकशी करायला लागलो.

आणि चौकशीनं रोग जात नाही हे दीडशे वर्षांपूर्वी इथेच करून बघून झालंय. इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर महू, इंग्रजांची छावणी म्हणूनच वाढलेलं गाव, त्यामुळे छावणी म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. सोल्जरांमध्ये गरमी-परमा, म्हणजे सिफिलिस आणि गोनोरिया, फार वाढला म्हणून इंग्रजांनी हिंदुस्थानात 1864 मध्ये छावण्यांचा आणि 1868 मध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा केला. धंदा करणाऱ्या बायकांची नोंदणी, सक्तीची तपासणी, आजार निघाला की लॉक हॉस्पिटलमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या दवाखान्यात, कोंडायचं. सगळी सक्ती बायकांवर, त्यांच्याकडे जाणारा सोल्जर कायद्याच्या बाहेर. मग बायका नाव लपवायला लागल्या, वस्त्या सोडून पळायला लागल्या, आणि सोल्जर आजारी पडायचे ते पडतच राहिले. इंग्लंडात जोसेफिन बटलर ह्या बाईंनी ह्या कायद्यांविरुद्ध रान उठवलं, तिकडे ते 1886 ला गेले, इकडे 1888 ला. दोन माणसांच्या रोगात एकालाच धरायचं, त्यातही बाईलाच, हा प्रयोग साम्राज्याच्या सगळ्या ताकदीनिशी झाला आणि फसला. उलट स्वीडननं 1918 मध्ये कायदा केला, गरीब-श्रीमंत न बघता उपचार फुकट, आणि पेशंटच्या जोडीदारांनाही शोधून उपचार, पेशंटचं नाव डॉक्टरजवळच. त्यातही सक्ती होती आणि ती मला आवडत नाही, पण रोग जोडीचा असतो हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

आपल्याकडेही कळलेला माणूस होता. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्या कामापायी प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली, 1927 पासून 1953 मध्ये जाईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक एकहाती चालवलं, त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं द्यायचे म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचा जन्म ह्याच महूचा. तो खटला ते हरले. आपण 14 एप्रिलला महूला जातो, फुलं वाहतो, आणि त्याच माणसानं कोर्टात उभं राहून ज्या प्रश्नोत्तरांची बाजू घेतली ती आपल्या मंडळाच्या शिबिरात अर्धा तासही नकोत?

कायद्याचंही एक सांगते. हिंदू विवाह कायद्यात 1955 पासून घटस्फोटाच्या कारणांत कुष्ठरोग होता आणि संसर्ग होईल अशा अवस्थेतला गुप्तरोगही होता. कुष्ठरोगावर पक्कं औषध आलं, तो बरा होतो हे समाजाला हळूहळू पटलं, आणि 2019 मध्ये तो ह्या यादीतून काढला. गुप्तरोग अजून आहे. मी वकील नाही, पण शब्द ‘संसर्ग होईल अशा अवस्थेतला’ आहेत, आणि ती अवस्था क्लॅमिडियात सात दिवसांच्या कोर्सनं संपते, मग आयुष्यभराचा निकाल त्यावर कसा लावायचा?

आता तरुण मुलांकडे येते, कारण त्यांचं ‘कॉमन आहे, टेन्शन नको’ मला तितकंच चुकीचं वाटतं. कॉमन आहे हे खरं, म्हणून टेन्शन नको हे खोटं. ह्यांच्यातलेच काही चूपचाप मेडिकलवर जातात आणि म्हणतात भिया जळजळ होतेय काहीतरी दे, आणि काउंटरवरचा मुलगा ॲझिथ्रोमायसिनच्या पाचशेच्या तीन गोळ्या देतो, ज्या खोकल्याला दिल्या त्याच. मैत्रिणीला सांगत नाहीत. तपासणी नाही, परमा आहे की क्लॅमिडिया की अजून काही ह्याचा पत्ता नाही. परम्याचं औषधच वेगळं, आणि परम्याच्या जंतूनं पेनिसिलिन पचवलं, सिप्रोफ्लॉक्सासिन पचवलं, अशाच अर्धवट कोर्सनी. क्लॅमिडिया सुदैवानं अजून डॉक्सिसायक्लिनला दाद देतो, 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सात दिवस, भरपूर पाण्याबरोबर, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, ॲसिडिटीच्या आणि आयर्नच्या गोळ्यांबरोबर नाही, आणि गरोदर असेल तर हे नाहीच, तिला डॉक्टर दुसरं देतात. हे डॉक्टरनंच लिहून द्यायचं औषध आहे, मी फक्त एवढ्यासाठी लिहिलं की हे किती साधं आहे ते दिसावं. तीन महिन्यांनी परत तपासणी, कारण परत होण्याचं प्रमाण फार. आणि गेल्या दोन महिन्यांत ज्यांच्याशी संबंध आले त्यांना सांगणं. हे शेवटचं कोणालाच नको असतं, ना संस्कारवाल्यांना ना बिनधास्तवाल्यांना. एकजण अब्रू म्हणून लपवतो, दुसरा पर्सनल मॅटर म्हणून लपवतो, जंतूला दोन्ही सारखंच.

भीती असू द्या, भीतीनंच मुलं वळणावर राहतात, असंही एका काकांनी लिहिलं होतं. काका, मला तुमच्याबद्दल आदर आहे पण भीती कशाची वाटेल? निम्म्याहून जास्त जणांना काही दिसतच नाही, मग न दिसणाऱ्या रोगाची भीती कशी काम करेल? भीती वाटते ती तपासणीची, डॉक्टरकडच्या रांगेत कोणी ओळखीचं भेटण्याची. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, ही म्हण आपल्यात उगाच नाही पडली. रेल्वेच्या रुळांकडेच्या भिंतींवर ‘गुप्त रोगी मिलें’ रंगवणाऱ्यांचा धंदा ह्याच भीतीवर चालतो.

मग सगळ्यांची सरसकट तपासणी करा असं मी म्हणतेय का? तेही नाही. इंग्लंडनं 2003 पासून 25 वर्षांखालच्या मुलामुलींसाठी मोठा तपासणी कार्यक्रम चालवला, आणि 2021 मध्ये त्याचा रोख बदलून मुलींना होणारी इजा टाळण्यावर आणला, नुसत्या तपासण्या वाढवून रोग आटोक्यात येतो असं सोपं गणित नाही. आणि ती तपासणी आपल्याकडे साध्या लघवीच्या तपासणीच्या कितीतरी पट महाग पडते. पण जे आहे ते तरी वापरा. सरकारी जिल्हा रुग्णालयांत आणि मेडिकल कॉलेजांत सुरक्षा क्लिनिक असतं, फुकट, वेगळी खोली, समुपदेशक बसलेली असते, लक्षणांवरून रंगीत किट देतात, लघवीच्या वाटेच्या त्रासाला करड्या रंगाचं, त्यात ॲझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम, म्हणजे क्लॅमिडिया आणि परमा दोन्ही धरलेले, आणि जोडीदाराचाही उपचार करायचा हे त्यांच्या नियमातच आहे. ह्या पद्धतीत लक्षण नसलेला माणूस सुटतो, ही तिची मोठी उणीव. पण दारापर्यंत गेलेल्या माणसाला तरी दोघांचं औषध मिळतं. 1097 ह्या सरकारी एड्स हेल्पलाइनवर फोन करून विचारता येतं, नाव सांगावं लागत नाही.

आणि इंदूरला लाज सोडता येत नाही असं मला कोणी सांगू नका. दहा वर्षांपूर्वी पॅडचा कचरा वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून, अंधारात कोपऱ्यावर टाकायचो आपण. आज कचरागाडीला त्याचा वेगळा डबा आहे, गल्लीतल्या सत्तरीच्या आजी सगळ्यांसमोर तो वेगळा टाकतात आणि चुकलं तर दुसऱ्याला टोकतात. 2017 पासून शहर स्वच्छतेत देशात वर्षानुवर्षं पहिलं आलं ते सगळ्यांना कचऱ्यात हात घालायची, त्याच्याबद्दल मोठ्यानं बोलायची सवय लागली म्हणून. कोणाच्या घरातून काय निघतं ह्याची चर्चा नाही झाली, कुठल्या डब्यात टाकायचं ह्याची झाली.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. नवरा म्हणाला तुझा रिपोर्ट, तू गोळ्या घे. तिनं घेतल्या, एकही न चुकवता. तीन महिन्यांनी परत पॉझिटिव्ह. मग त्या डॉक्टरांनी दोघांना एकदम बोलावलं, सासूबाईंना बाहेर बसवलं, आणि नवऱ्यासमोरच तेच वाक्य सांगितलं, हे कधीचं ते कळत नाही, आज रात्री जेवल्यावर दोघांनी पहिली गोळी. नंतरच्या तपासणीला दोघं बरोबर आले. मी डबी दिली तेव्हा सवयीनं माझ्या तोंडून निघालं, “पहिली धार सोडून…” आणि त्यानंच मला थांबवलं, “नाही ताई, ह्याला पहिलीच लागते.” ते दोघं एकमेकांशी घरी काय बोलले असतील मला माहीत नाही, मला विचारायचंही नाही. रिपोर्ट दोघांचे निगेटिव्ह आले.

मंडळाची पुढची मीटिंग रविवारी आहे. डॉक्टर बाई अजूनही बोलायला तयार आहेत, मी विचारलंय. पत्रकावर नाव काय द्यायचं त्यावर वाद नको, ‘उन्हाळी आणि लघवीचे विकार’ लिहा, मला चालेल. फक्त हळदीकुंकवाच्या दुपारी, बायका-बायकांत उरकू नका. संध्याकाळी सातनंतर ठेवा, पुरुष कामावरून आलेले असतात तेव्हा.